जाहिरातीच्या ऑफिसातले दोन महिने : इंटर्नशिप आणि फेलोशिप म्हणजे काय?



दहावीच्या मराठीत उपयोजित लेखनात 'जाहिरात लेखन' हा घटक आहे. तो आपण गुणांपुरता करतो आणि सोडून देतो. पण यातूनच कोणाचं करिअर उभं राहू शकतं. माझी एक माजी विद्यार्थिनी सध्या पुण्यात उपयोजित कला शिकते. गेल्या उन्हाळ्यात तिने इथल्याच एका छोट्या जाहिरात संस्थेत दोन महिने इंटर्नशिप केली. तिचा अनुभव आज समजून घेऊया.

इंटर्नशिप आणि फेलोशिप यांतला फरक

इंटर्नशिप म्हणजे आंतरवासिता. शिकत असतानाच प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी, अनुभवी माणसाच्या हाताखाली काम करणे. आम्ही डी.एड.ला सराव पाठ घ्यायचो, तसंच हे. त्यात विद्यावेतन मिळतंच असं नाही. फेलोशिप म्हणजे पाठ्यवृत्ती. ती निवड होऊन मिळते, मुदत ठरलेली असते आणि बहुतेक वेळा आर्थिक मदतही असते.

तिथे काम कसं चालतं?

आधी ग्राहक काय विकायचंय, कोणाला, किती खर्चात, ते सांगतो. त्याला 'ब्रीफ' म्हणतात. मग शब्द लिहिणारा कॉपीरायटर आणि चित्र-मांडणी करणारा आर्ट डायरेक्टर जोडीने कल्पना काढतात. पहिल्या आठवड्यात तिने एका मिठाईच्या दुकानासाठी चाळीस ओळी लिहिल्या. एकही पास झाली नाही! "बाई, शाळेत एक लिहिली की शाबासकी मिळायची," ती हसत म्हणाली.

खरी परीक्षा

मग एका क्लासची जाहिरात आली. मालकांना ओळ हवी होती, '95% गुणांची हमी'. तिने विचारलं, "पुरावा आहे का?" वरिष्ठ म्हणाले, "ग्राहक सांगतो ते लिही." तिने दुसरी ओळ सुचवली, 'दर शनिवारी फक्त तुमच्या शंकांसाठी'. ती खरी होती, पण निवडली गेली नाही. हमीवालीच छापली.

ती नाराज होऊन मला भेटायला आली. तेव्हा आम्ही दोघींनी मिळून नियम वाचले. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दिशाभूल करणारी जाहिरात हा गुन्हा ठरू शकतो. कोचिंग क्लासच्या जाहिरातींसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये वेगळी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत गुणांची, निवडीची खोटी हमी देण्यास मनाई आहे. शिवाय 1985 पासून काम करणाऱ्या 'ॲस्की' या संस्थेकडे कोणीही तक्रार करू शकतो. म्हणजे तिचा प्रश्न भाबडा नव्हता, बरोबर होता.

अजून एक गोष्ट. विद्यावेतन तोंडी ठरलं होतं, त्यामुळे दुसऱ्या महिन्याचे पैसे मिळालेच नाहीत. म्हणून मुलांनो, काम, मुदत, वेळ आणि पैसे लेखी घ्या. शेवटी प्रमाणपत्रही मागून घ्या.

पुढे काय?

आता तिने एका फेलोशिपसाठी अर्ज केलाय. नमुन्यांच्या फाईलमध्ये पहिल्या पानावर ती नाकारलेली ओळ ठेवली आहे. निकाल यायचाय.

या क्षेत्रातून किती मोठं काम होतं, याचं एक उदाहरण. र. कृ. जोशी हे मुंबईच्या जे. जे.चे विद्यार्थी. त्यांनी अनेक वर्षं जाहिरात संस्थेत काम केलं आणि पुढे आय.आय.टी. मुंबईत शिकवलं. कॉम्प्युटरवर मराठी वाचताना दिसणारा 'मंगल' फॉन्ट त्यांचाच!

उपक्रम : राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना 10 दिवस सुचवले आहेत. त्यातला एक दिवस असा घ्या. घरातल्या वर्तमानपत्रातून पाच जाहिराती कापा. प्रत्येकीतला दावा अधोरेखित करा आणि शेजारी लिहा, 'पुरावा काय?' वह्या वर्गात आणा, चर्चा करू.