अपंग पात्र आणि वाक्यातील कर्ता

मागील घटकात आपण बालकुमार कथेतील पात्ररचनेचा सर्वसाधारण विचार केला. आता त्याच विचाराची एक अवघड बाजू पाहू. कथेतील एखादे मूल अंध, बहिरे किंवा चालू न शकणारे असेल, तर लेखक त्याच्याविषयी कसे लिहितो? लेखकाचे मन कनवाळू असले की चित्रण आपोआप चांगले उतरते, असा एक समज आहे. माझ्या मते हा प्रश्न बऱ्याच अंशी वाक्यरचनेचा आहे, आणि म्हणूनच तो भाषेच्या विद्यार्थ्याने हाताळण्याजोगा आहे.

अभ्यासासाठी रचलेला पुढील उतारा वाचा. ‘बिचाऱ्या सदाला सगळे सांभाळून घेत. मुले त्याचे दप्तर उचलत, बाई त्याला पहिल्या बाकावर बसवत आणि आई रोज त्याला न्यायला येई.’ यात मुख्य क्रियापदे चार आहेत. त्यांचे कर्ते अनुक्रमे सगळे, मुले, बाई आणि आई. सदा एकाही क्रियापदाचा कर्ता नाही. उताऱ्यात कठोर शब्द शोधूनही सापडणार नाही, माया तर ओसंडून वाहते आहे. तरीही सदा हे दप्तरासारखेच एक ओझे होऊन बसले आहे. आता पुढे असे वाक्य आले, तर पाहा : ‘सदाने दप्तर मुलांकडे दिले, पण डबा स्वतःपाशी ठेवला, आज त्यात करंज्या होत्या.’ सदाच्या पायांत काहीही फरक पडलेला नाही. मात्र त्याला आवडनिवड आली, थोडी लबाडी आली, आणि वाचणाऱ्या मुलाला तो ओळखीचा वाटू लागला.

दुसरा मुद्दा पात्राला संबोधण्याचा. विशेषणाचा नामासारखा उपयोग तुम्ही शाळेतच शिकला आहात. ‘शहाण्याला शब्दाचा मार’ हे त्याचे परिचित उदाहरण. त्याच नियमाने ‘आंधळ्याला’, ‘लंगड्याने’ ही रूपे सिद्ध होतात. विशेषणाला विभक्तिप्रत्यय लागतो आणि ज्या नामाचे ते विशेषण होते ते नाम वाक्यातून गळून पडते. माणूस जातो, व्यंग उरते. मराठीतच याहून वेगळी रचना उपलब्ध आहे. ‘तिला ऐकू येत नाही’, ‘त्याला दिसत नाही’ ही वाक्ये भूक लागणे, थंडी वाजणे, आठवणे या अनुभवांच्या पंक्तीत बसतात. शिवाय या रचनेत अंशांची सोय आहे. ‘तिला डाव्या कानाने कमी ऐकू येते’, ‘वर्गात गोंगाट असला की ऐकू येत नाही’ असे नेमके सांगता येते. ‘बहिरी’ या एका शब्दात ही सोय नाही, आणि कथेला तर नेमकेपणाच हवा असतो.

येथे पारिभाषिक शब्दांविषयी थोडे. ‘अपंग’, ‘विकलांग’, ‘दिव्यांग’ या संज्ञा प्रशासनाला आवश्यक आहेत; १९९५च्या केंद्रीय कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६च्या कायद्यात ते २१ झाले. परंतु कथेतील दहा वर्षांची मुलगी ‘माझी दिव्यांग मैत्रीण’ असे म्हणू लागली, तर ती सरकारी अर्ज वाचत आहे असेच वाटेल. संज्ञा बदलल्याने वाक्यातील कर्ता बदलत नाही.

आता कथानकाकडे वळू. योहाना स्पायरी यांच्या ‘हायडी’मध्ये फ्रँकफर्टची क्लारा चाकांच्या खुर्चीत बसलेली आहे. आल्प्सच्या डोंगरावर पीटर मत्सरापोटी ती खुर्ची उतारावरून ढकलून देतो, खुर्चीचे तुकडे होतात आणि क्लारा चालू लागते. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांच्या १९११मधील ‘द सीक्रेट गार्डन’ या कादंबरीत कॉलिन शेवटी धावत वडिलांच्या मिठीत शिरतो. कॉलिनला मुळात भीतीनेच अंथरुणाला खिळवले होते, ही सवलत बर्नेटबाईंना द्यायला हवी. दोन्ही पुस्तके सुंदर आहेत. मुलांना ती जरूर वाचायला द्यावीत. पण खुर्चीत बसून ती वाचणाऱ्या मुलीच्या जागी स्वतःला कल्पून पाहा. ताजी हवा आणि मैत्री लाभली की पाय चालतात, तर मग माझे का चालत नाहीत? बरे होणे हाच सुखान्त ठरला, की जी बरी होणार नाही तिच्यासाठी कथेत शेवटचे पान उरत नाही.

याउलट सीसी बेल यांची ‘एल डेफो’ (२०१४) ही आत्मचरित्रात्मक चित्रकादंबरी. चौथ्या वर्षी मेंदूज्वरामुळे सीसीची श्रवणशक्ती जाते. शाळेत बाईंच्या गळ्यातील माइक आणि तिच्या अंगावरील श्रवणयंत्र यांमुळे तिला बाई दुसऱ्या खोलीत गेल्या तरी ऐकू येतात, अगदी शौचालयातीलसुद्धा! वर्गाला हा खजिनाच वाटतो. यंत्राची बॅटरी उतरू लागली की फुग्यांमधील अक्षरे फिकट होत जातात. कमी ऐकू येणे म्हणजे काय, हे लेखिका वर्णन न करता वाचकाच्या डोळ्यांना अनुभवायला लावते. सीसीचा कान शेवटपर्यंत तसाच राहतो. बदलते ती तिची मैत्री.

मराठीत या संदर्भात संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ (२००४) हा चित्रपट आठवावा. तो खास मुलांसाठी नाही, तरी त्याच्या केंद्रस्थानी मूल आहे. परशुरामच्या डोळ्यांना कर्करोग झाला आहे. शस्त्रक्रियेने जीव वाचेल, दृष्टी जाईल. हे त्या मुलाला सांगायचे कोणी आणि कसे, या पेचावर कथा उभी आहे. ज्याचे डोळे जाणार त्याला ते आधी कळले पाहिजे, अशी भूमिका घेतल्यामुळे परशुराम निव्वळ दयेचा विषय राहत नाही.

तुमच्यापैकी अनेक जण शिक्षक आहेत, पालक आहेत. मुलांची पुस्तके तुमच्या हाताखालून जातात. स्वाध्यायासाठी घरातील किंवा शाळेच्या ग्रंथालयातील अशी एक कथा घ्या. अपंग पात्र जेथे कर्ता आहे ती सर्व क्रियापदे वहीत उतरवा, आणि जेथे इतर कोणी त्याच्यासाठी काही करते ती शेजारच्या रकान्यात लिहा. त्यानंतर त्या कथेतील एक परिच्छेद, घटना न बदलता, असा पुन्हा लिहा की दोन क्रियापदे दुसऱ्या रकान्यातून पहिल्या रकान्यात येतील.