रुग्ण पलंगावरून पडू नये म्हणून

रुग्ण पलंगावरून पडतो तो बऱ्याचदा झोपेत घरंगळून नव्हे, तर उठण्याच्या धडपडीत. रात्री लघवीला लागते, कोणाला उठवायचा संकोच वाटतो आणि तो एकटाच पाय खाली सोडतो. बराच वेळ आडवे राहून एकदम उभे राहिले की रक्तदाब घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. झोपेच्या, रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धोका आणखी वाढतो. त्यामुळे खबरदारीची सुरुवात रुग्णाच्या गरजेपासून व्हायला हवी. झोपण्याआधी आणि रात्री ठरावीक वेळी त्याला शौचालयात नेऊन आणावे. युरिनल, पाणी, चष्मा आणि बेल हाताशी ठेवावी. उठवताना आधी मिनिटभर काठावर बसवावे.

पलंगाला कठडे लावले की नातेवाईक निर्धास्त होतात. शुद्धीवर असलेल्या रुग्णाला कूस बदलताना कठड्याचा आधार मिळतोही. पण भ्रमात असलेला रुग्ण त्यावरून पाय टाकून उतरू पाहतो आणि गादीच्या नव्हे, कठड्याच्या उंचीवरून आपटतो. गजांमध्ये किंवा गादी आणि कठड्यामधल्या फटीत मान अडकून जीवही जाऊ शकतो. १९८५ ते २००८ या काळात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे रुग्ण असे अडकल्याच्या ८०३ घटना नोंदल्या गेल्या; त्यांत ४८० जण दगावले. हातपाय बांधून ठेवणे हा तर उपायच नव्हे. त्याने अस्वस्थता वाढते, सुटण्याच्या झटापटीत इजा होते.

उठताच वाजणाऱ्या अलार्मवरही विसंबता येत नाही. अमेरिकेतील एका रुग्णालयात झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत अलार्मचा वापर वाढवूनही पडण्याचे प्रमाण कमी झाले नाही. आवाज होतो तोवर रुग्ण खाली आलेला असू शकतो.

इजा कमी करायची तर उंची कमी करणे महत्त्वाचे. झोपताना पलंग शक्य तितका खाली असावा. उठताना मात्र काठावर बसल्यावर तळवे जमिनीला पूर्ण टेकावेत आणि गुडघे साधारण काटकोनात राहावेत. फार खालून अशक्त माणसाला उठता येत नाही. चाकांचे ब्रेक लावलेले असावेत. बाजूला अंथरलेली जाड मॅट आघात सौम्य करते, पण चालत्या रुग्णाचा पाय तिच्यातच अडकू शकतो. ती उठताना बाजूला सारावी. मंद दिवा रात्रभर चालू ठेवावा.

एवढे करूनही रुग्ण पडलाच, तर काखेत हात घालून लगेच उचलू नये. शुद्ध, मान आणि कंबर आधी पाहावी. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, तर खुब्याचे हाड मोडल्याची शंका घ्यावी आणि रुग्णाला न हलवता मदत बोलवावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला असेल, तर वरवर काही दिसत नसले तरी लगेच डॉक्टरांना दाखवावे. अशा माराने वृद्धांच्या मेंदूभोवती रक्त हळूहळू साचत जाऊ शकते. गुंगी, डोकेदुखी किंवा चालताना जाणारा तोल ही त्याची लक्षणे काही आठवड्यांनीही दिसू शकतात.