कुणीतरी सांगितलं म्हणून

१६ जून १९९५ रोजी रॉबर्ट नेमिरॉफ आणि जेरी बॉनेल या दोन खगोलशास्त्रज्ञांनी नासाच्या संकेतस्थळावर एक साधं पान सुरू केलं. रोज विश्वाचं एक चित्र आणि त्याखाली जाणकारानं लिहिलेल्या मोजक्या ओळी. ‘अॅस्ट्रॉनॉमी पिक्चर ऑफ द डे’ हे त्याचं नाव. दोनच महिन्यांनी, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. विद्यार्थ्यांना परवडणारं जे खातं होतं त्यावर नुसती अक्षरं दिसायची. म्हणजे हे पान उघडलं तरी त्यातलं चित्रच दिसत नसे! तरीही त्या ओळी वाचण्यासारख्या असत. आज तीस वर्षांनंतरही ते पान जवळपास त्याच रूपात रोज निघतं, आणि मला अजूनही त्यातल्या चित्रापेक्षा मजकुराचं मोल जास्त वाटतं. एका कृष्णविवराबद्दल शंभर शब्दांत खरं, नेमकं आणि कळेल असं लिहिणं फार अवघड असतं.

अशी पानं त्या काळी सापडायची ती कुणीतरी सांगितलं म्हणून. सायबर कॅफेत शेजारी बसलेला मुलगा सांगायचा, वर्तमानपत्राच्या पुरवणीतल्या एखाद्या सदरात पत्ता छापून यायचा, तो वहीत उतरवून ठेवायचा. याहूचं सुरुवातीचं रूपही असंच होतं. जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी १९९४ मध्ये संकेतस्थळांची विषयवार यादी करायला घेतली, आणि पुढे ती यादी पगारी माणसं वाचून, पारखून वाढवत राहिली. १९९८ मध्ये सुरू झालेल्या डीमॉझमध्ये तर हेच काम जगभरचे स्वयंसेवक करत. याहूची यादी २०१४ च्या अखेरीस बंद झाली, डीमॉझ २०१७ च्या मार्चमध्ये. तोवर शोधयंत्रं इतकी चांगली झाली होती की कुणाला फारसं जाणवलंही नाही. पण शोधयंत्राला आधी प्रश्न विचारावा लागतो. जे अस्तित्वात आहे हेच ठाऊक नाही, ते विचारणार कसं? त्या याद्या चाळताना भलत्याच दालनात शिरून जे हाती लागायचं, ते गेलं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गणिताची आवड असलेल्यांना असं हाती लागलेलं एक स्थळ म्हणजे ‘कट द नॉट’. अलेक्झांडर बोगोमोलनी या गणितज्ञानं १९९६ पासून ते एकट्यानं उभं केलं. पायथागोरसच्या प्रमेयाच्या शंभराहून अधिक सिद्धता तिथे एका जागी आहेत. शाळेत आपण एक सिद्धता पाठ करतो आणि विषय मिटला असं समजतो. इथे भास्कराचार्यांच्या नावानं ओळखली जाणारी मांडणी आहे, युक्लिडची आहे, एकोणिसाव्या शतकात ट्रॅपिझॉइड वापरून अमेरिकेच्या गारफिल्ड यांनी दिलेलीही आहे. हे गारफिल्ड पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. बोगोमोलनींनी बऱ्याच आकृत्या हलत्या केल्या होत्या. त्रिकोणाचा शिरोबिंदू माउसनं ओढायचा आणि काय बदलतं, काय बदलत नाही ते स्वतः पाहायचं. त्यासाठी त्यांनी जावा वापरली. पुढे ब्राउझरांनी जावा चालवणं थांबवलं आणि त्या आकृत्या निश्चल झाल्या. २०१८ च्या जुलैमध्ये बोगोमोलनी गेले.

हीच वेळ ‘फेट’वरही आली होती. कोलोरॅडो विद्यापीठातल्या कार्ल वीमन या नोबेल मिळालेल्या भौतिकशास्त्रज्ञानं २००२ मध्ये तो प्रकल्प सुरू केला. पडद्यावर बॅटरी, तार, दिवा जोडा, प्रवाह वाहताना बघा. लंबकाची दोरी लांब करा, वेळ मोजा. यातलं बरंचसं जावा आणि फ्लॅशवर चालायचं. २०२० च्या अखेरीस फ्लॅशही बंद झालं. पण इथे मागे विद्यापीठ होतं, पैसा होता, माणसं होती. त्यांनी एकेक प्रयोग नव्या पद्धतीनं पुन्हा लिहून काढला. आज ते साध्या मोबाइलवर चालतात आणि त्यातले कितीतरी मराठीतही आहेत. प्रयोगशाळेचं कुलूप वर्षभर न उघडणाऱ्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना हे कुणीतरी सांगायलाच हवं.

मोठ्या विद्यापीठांची व्याख्यानं खुली झाली ती गोष्ट आता सगळ्यांना ठाऊक आहे. एमआयटीनं २००१ मध्ये घोषणा केली, पुढच्या वर्षी पहिले अभ्यासक्रम आले. आपल्या आयआयटींचं एनपीटीईएलही मागोमाग आलं. त्याबद्दल वेगळं काय लिहायचं? एवढंच नोंदवतो, की गिल्बर्ट स्ट्रँग यांची रेषीय बीजगणितावरची व्याख्यानं फळ्यावर खडूनं लिहून दिलेली आहेत, जुनी आहेत, आणि आजच्या कितीतरी चकचकीत चित्रफितींपेक्षा ती जास्त शिकवून जातात.

मराठी वाचकाची वाट मात्र बराच काळ अडलेलीच होती. प्रत्येक वृत्तपत्राचा फाँट वेगळा. तो उतरवून घेतला नाही तर पडद्यावर नुसत्या विचित्र खुणा दिसत, आणि उतरवून घेतला तरी त्या मजकुरात काही शोधता येत नसे. युनिकोड रुळलं तेव्हा कुठे हे दार उघडलं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक असताना, वाईहून निघाला होता. त्याचे वीस खंड घरी ठेवणं कुणाला शक्य? आता ते सगळे मोबाइलवर वाचता येतात, नोंदीखाली लेखकाचं नाव दिसतं, म्हणजे या शब्दांची जबाबदारी कुणी घेतली ते कळतं. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि मोल्सवर्थचा १८५७ चा कोश या दोन्हींमध्ये शोध घ्यायची सोय मात्र आपल्याला शिकागो विद्यापीठानं करून दिली. ज्ञानेश्वरीतला एखादा अडलेला शब्द तिथे टाकावा, तर दात्यांनी त्याचे अर्थ, बोलीतली रूपं आणि जुन्या ग्रंथांतले दाखले देऊन ठेवलेले असतात. शिकागोच्या ग्रंथपालांचे मराठीवर हे फार मोठे उपकार आहेत.

या सगळ्यात मी सर्वांत जास्त लोकांना सांगितलेलं स्थळ अरविंद गुप्तांचं. आयआयटी कानपूरमधून बाहेर पडलेला हा अभियंता पुण्याच्या टेल्कोत होता. १९७८ मध्ये रजा घेऊन तो होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला आणि टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्यात रमला. पुढे अनेक वर्षं आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी हेच केलं. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या स्थळावर एक छोटी मोटर आहे. टॉर्चचा सेल, दोन सेफ्टीपिना, एक चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं. तारेच्या एका टोकावरचं इनॅमल पूर्ण खरवडायचं, दुसऱ्या टोकावर मात्र एका बाजूला ते तसंच ठेवायचं. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली तर अर्ध्या फेरीत चुंबक वेटोळ्याला पुढे ढकलतं, उरलेल्या अर्ध्यात मागे, आणि ते नुसतं डुलत राहतं. थोडं इनॅमल ठेवलं की मागे ढकलण्याच्या वेळी प्रवाह तुटतो, वेटोळं आपल्याच वेगानं ती फेरी पूर्ण करतं आणि गरगर फिरू लागतं. हे एकदा हातानं केलेल्या मुलाला मोटर पुन्हा शिकवावी लागत नाही. तिथेच मराठी, हिंदी, इंग्रजी पुस्तकांचा मोठा साठा आहे, आणि सगळं काही फुकट.

पुस्तकांवरून एक चिंतेची गोष्ट. भारत सरकारच्या ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’नं लाखो जुनी पुस्तकं स्कॅन केली. २०१७ मध्ये ते संकेतस्थळ बंद पडलं. सार्वजनिक माहिती खुली व्हावी म्हणून झटणारे कार्ल मॅलमुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या लाखो पुस्तकांच्या प्रती आधीच ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर नेऊन ठेवल्या होत्या, म्हणून ती आज वाचता येतात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आर्काइव्हवर हल्ला झाला आणि तेही काही दिवस बंद होतं. तेव्हा एकाच जागेवर आपलं किती विसंबून आहे ते लख्ख दिसलं. शिवाय त्यातल्या मराठी पुस्तकांची नावं रोमन अक्षरांत, हाताला येईल तशी टंकलेली आहेत. नाव देवनागरीत टाकून शोधलं तर समोर असलेलं पुस्तकही सापडत नाही.

यावरचा उपाय मराठी विकिस्रोतावर, म्हणजे स्वामित्वहक्कातून मुक्त झालेल्या पुस्तकांच्या ऑनलाइन संग्रहावर, चालू आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी लेखन मुक्त होतं. साने गुरुजींचं २०११ च्या आरंभी झालं. विकिस्रोतावर एका बाजूला छापील पानाचं चित्र असतं, दुसऱ्या बाजूला टंकलेला मजकूर. एकानं तपासलं की पान पिवळं होतं, दुसऱ्यानं पडताळलं की हिरवं. मग त्यातला शब्दन्‌शब्द देवनागरीत शोधता येतो. यासाठी लागतं ते फक्त नीट मराठी वाचणारे डोळे. तालुक्याच्या ग्रंथालयांनी आणि शाळांनी आठवड्यातला एक तास याला द्यावा. आठवी-नववीतली मुलं हे काम उत्तम करू शकतात.