नाडी काचते तिथे

जन्मभर परकर किंवा लुगडं नेसलेल्या बाईच्या कमरेला एक पट्टा असतो. बोटभर रुंद, आजूबाजूच्या कातडीपेक्षा काळपट, मधूनच पांढुरका पडलेला, हात फिरवला तर खरखरीत. उन्हाळ्यात तो खाजतो, घाम मुरला की सोलवटतो. मग थोडं खोबरेल लावायचं नाहीतर हळद दाबायची, आणि सकाळी पुन्हा त्याच जागी नाडी करकचून बांधायची. याला घरात कुणी आजार म्हणत नाही. त्वचारोगतज्ज्ञाच्या लेखी मात्र हा जुनाट दाह आहे.

2024 साली ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या नियतकालिकात वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशा दोघींची हकीगत छापली. एक सत्तरीची. तिच्या उजव्या कुशीवरचा व्रण दीड वर्ष झालं तरी भरत नव्हता. दुसरी साठी उलटलेली, चाळीस वर्षं परकराशिवाय लुगडं घट्ट नेसणारी. तिचा व्रण दोन वर्षांचा. दोघींच्या व्रणांचे तुकडे तपासले तेव्हा निदान एकच आलं: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींचा कॅन्सर. दुसरीच्या जांघेतल्या एका लसीका गाठीपर्यंत तो पोचलाही होता.

मथळे अर्थातच ‘साडी कॅन्सर’ असे झळकले. साडी बिचारी निर्दोष आहे, आणि पुरुषांनीही यातून आपण सुटलो असं समजू नये. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी 1945 सालीच ‘धोतर कॅन्सर’ची नोंद केली होती. धोतर कमरेला जिथे आवळलं जातं, नेमक्या तिथल्या कातडीत होणारा. त्याआधी 1866 मध्ये काश्मीरमधल्या एल्मस्ली या मिशनरी डॉक्टरने फिरन या अंगरख्याच्या आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, धरून बसणाऱ्यांच्या पोटा-मांड्यांवरचा कॅन्सर लिहून ठेवला. तिथे नाडीऐवजी निखाऱ्याची धग, एवढाच फरक. जुन्या व्रणात किंवा भाजल्याच्या वणात उगवणाऱ्या अशा कॅन्सरला ‘मार्जोलिनचा व्रण’ म्हणतात. गंमत म्हणजे 1828 साली या व्रणांचं वर्णन करणाऱ्या फ्रेंच शल्यविशारद मार्जोलिनच्या ध्यानातही आलं नव्हतं, की हा कॅन्सर आहे. नाव मात्र त्याचंच चिकटलं.

आता आत काय चालतं ते पाहू. कातडी फाटली की दोन कामं सुरू होतात. पांढऱ्या पेशी जंतू मारायला धावतात आणि ऑक्सिजनचे तिखट रेणू सोडतात. त्याच वेळी तळच्या थरातल्या पेशी भराभर दुभंगून खाच बुजवू लागतात. आठ-पंधरा दिवसांत जखम बुजते आणि दोन्ही कामं थांबतात. नाडी रोज त्याच जागी काचत राहिली तर ती थांबत नाहीत. जंतूंसाठी सोडलेले रेणू शेजारच्या पेशींच्या डीएनएला चटके देतात, आणि त्याच पेशींना ‘वाढा, वाढा’ असा हुकूमही सुटत राहतो. बिघडलेल्या डीएनएची पेशी एरवी मेली असती. इथे तिला रोज खुराक मिळतो. वणाच्या जागी रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्या विरळ असल्याने पहारेकरी पेशीही तिथे फारशा फिरकत नाहीत. दाह आणि कॅन्सर यांचं हे नातं जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो याने एकोणिसाव्या शतकातच ओळखलं होतं. अमेरिकेतल्या हॅरल्ड ड्वोरॅक यांनी 1986 मध्ये कॅन्सरच्या गाठीला न भरणारी जखम म्हटलं, ते याच अर्थाने.

हे वाचून सोरायसिसचा रुग्ण हादरला तर नवल नाही. त्याच्या कोपरा-गुडघ्यांवर वीस-वीस वर्षं दाह असतो. निरोगी कातडीतल्या पेशीला तळापासून वर यायला जिथे महिना लागतो, तिथे त्याच्या चट्ट्यातल्या पेशी चार-पाच दिवसांत वर येऊन खपल्या होऊन गळतात. दाह आहे, पेशींची घाई आहे. म्हणजे या हिशेबाने सोरायसिसचा चट्टा कॅन्सरचं आगर ठरायला हवा. तो ठरत नाही. चट्ट्यातच कॅन्सर उगवल्याची उदाहरणं विरळ आहेत. 2023 साली ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात शंभरावर रुग्णांच्या त्वचेचे सूक्ष्म कण घेऊन त्यांतला डीएनए वाचला गेला. चट्ट्यातल्या आणि शेजारच्या निरोगी कातडीतल्या बिघाडांत लक्षणीय फरक नव्हता. काही रुग्णांत मात्र एक वेगळाच ठसा सापडला: सोरालेनचा.

सोरालेन हा बावचीच्या बियांमध्ये सापडणारा पदार्थ. कोडावर बावची लावून उन्हात बसायचा उपाय आपल्याकडे जुना आहे. 1974 मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी त्याचीच आधुनिक आवृत्ती सोरायसिससाठी आणली, ‘पुवा’: सोरालेनची गोळी घ्यायची आणि अतिनील किरणांच्या पेटीत उभं राहायचं. चट्टे झपाट्याने विरायचे. पण सोरालेन डीएनएच्या दोन धाग्यांत शिरून त्यांना टाका घालतो. अशा 1,380 रुग्णांचा अमेरिकेत वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला, तेव्हा शेकड्यांनी पुवा घेतलेल्यांत स्क्वॅमस कॅन्सर स्पष्ट वाढलेला दिसला. हे रुग्ण बहुतांशी गोरे होते. सावळ्या कातडीत तशी वाढ आढळलेली नाही.

आजारापेक्षा औषधाने जास्त नडावं, हे सोरायसिसच्या वाट्याला दुसऱ्यांदा आलं. पहिल्यांदा आलं ते सोमलामुळे. 1786 पासून ‘फाउलरचं द्रावण’ या नावाने सोमलाचं औषध विलायतेत घरोघरी होतं, आणि सोरायसिसवर ते वर्षानुवर्षं दिलं जाई. लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी 1887 मध्ये दाखवून दिलं, की अशा रुग्णांच्या तळहातांवर आधी कुरूपासारखे खडे येतात आणि पुढे त्यांतलाच एखादा कॅन्सर होतो. याउलट ज्याच्या वासाने लोक नाक मुरडतात, त्या कोलतारच्या मलमावर फार काळ संशय होता. नेदरलँड्समध्ये सोरायसिस आणि एक्झिमाच्या 13,200 रुग्णांच्या नोंदी 2010 साली तपासल्या गेल्या, त्यात कोलतारमुळे कॅन्सर वाढल्याचं दिसलं नाही. सोरायसिसवाल्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहावी अशी एक गोष्ट मात्र आहे. सोरायसिस किंवा एक्झिमा म्हणून उपचार चाललेला, कशालाच दाद न देणारा चट्टा कधीकधी मुळात मायकोसिस फंगॉइडिस, म्हणजे त्वचेतल्या टी पेशींचा कॅन्सर, निघतो. नाव बुरशीचं, पण बुरशीशी त्याचा काही संबंध नाही.

माझ्या मते खरी काळजी करावी असा आजार वेगळाच आहे, आणि त्याचं नाव फार जणींनी ऐकलेलंही नसतं. लायकेन स्क्लेरोसस. बहुधा पाळी गेल्यानंतर, योनीमुखाभोवतीची कातडी पांढरी, पातळ, चुरगळलेल्या कागदासारखी होते. खाज अशी, की रात्र-रात्र झोप नाही. सुनेला सांगणं नाही, डॉक्टर पुरुष असेल तर त्यालाही नाही. दुकानातून बुरशीची ट्यूब आणून वर्षं काढायची. उपचार न केलेल्या शंभर जणींत दोन ते पाच जणींना पुढे तिथे स्क्वॅमस कॅन्सर होऊ शकतो. सिडनीच्या डॉक्टरांनी अशा 507 बायकांचा सरासरी पावणेपाच वर्षं पाठपुरावा केला. ज्या 357 जणींनी स्टिरॉइडचं मलम सांगितल्याप्रमाणे नेमाने लावलं, त्यांच्यात कॅन्सर किंवा त्याची पूर्वावस्था एकीलाही झाली नाही. मलम अधूनमधून लावणाऱ्या 150 जणींपैकी सात जणींना झाली. स्टिरॉइड म्हटलं की आपल्याकडे ‘सवय लागते’ म्हणून ट्यूब अर्ध्यात टाकून देतात. इथे अर्ध्यात टाकलेली ट्यूबच महागात पडली.

बिघडलेला व्रण ओळखू येतो. त्याचा काठ उचलला जातो आणि टणक लागतो, मधे फुलकोबीसारखं मांस वर येतं, जरा धक्का लागला की रक्त येतं, आणि अशी घाण सुटते की जवळ बसवत नाही. दुखतोच असं नाही, म्हणून तर दोन-दोन वर्षं निघून जातात. तपासणीसाठी डॉक्टर तुकडा काठावरून घेतात, कारण मधला भाग बहुधा मेलेला असतो आणि त्यात काहीच सापडत नाही. कमरेच्या पट्ट्यासाठी वर्ध्याच्या प्रकरणातल्या डॉक्टरांचा सल्ला साधा आहे: परकर कातडीवर दाबणार नाही इतका सैल ठेवा, आणि कातडी बिघडलीच तर ती बरी होईपर्यंत सैल कपडे वापरा. शिंप्याला सांगून नाडीच्या जागी चांगला चार बोटं रुंद पट्टा लावून घेतला, तरी ताण एका रेषेवर येत नाही.