घासून काळेपणा जात नाही

गळ्याखालचा, पाठीवरचा काळेपणा रोज घासूनही जात नाही, अशी तक्रार घेऊन माझ्याकडे अनेकजण येतात. कशाने घासता, असे विचारले की उत्तर बहुधा नायलॉनची घासणी हेच असते.

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. साधारण चार आठवड्यांत खालून नव्या पेशी वर येतात व जुन्या आपोआप गळून पडतात. त्यांना थोडी मदत पुरते. वर्षानुवर्षे जोराने घासल्यास मात्र त्वचेचे रंगद्रव्य खालच्या थरात उतरते. गळ्याखालचे हाड, पाठ, नडग्या येथे काळसर चट्टे पडतात. तो मळ समजून माणूस आणखी घासतो आणि चट्टे गडद होतात.

मग काय करावे? रोज कोमट पाणी, सौम्य साबण व मऊ पंचा पुरे. आठवड्यातून एकदा वस्त्रगाळ उटणे दुधात कालवून हलक्या हाताने लावावे. चेहऱ्याला फक्त बोटांची टोके वापरावीत. मीठ, साखर, लिंबू चोळू नये. मुरुम, गजकर्ण वा जखमेवर अजिबात घासू नये. टाचांना वजरी चालेल. मधुमेह्यांनी मात्र ती टाळावी. पाय बधिर असल्यास जखम कळत नाही.

मानेची कातडी काळी, जाड व मखमलीसारखी झाली असेल, तर तोही मळ नव्हे. रक्तातील साखर तपासून घ्यावी.

घासणी आजच बंद करा. चट्टे फिके व्हायला काही महिने लागतात. तेवढा धीर धरावा.