हृदयाचा ताल – लेखांक ९ : पाय गरम झाले का?

आज एट्रियल फिब्रिलेशनच्या, म्हणजे हृदयाच्या बेताल ठोक्यांच्या, प्रांतवार आकड्यांकडे वळायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यात. राजापूर तालुक्यातल्या नाटे गावातून एका वाचकाचं पत्र आलंय, ते बाजूला ठेववत नाही.

वाचकाच्या लहानपणी गडग्याचा चिरा सरकवताना त्यांच्या काकांना पायाला तांबडा विंचू डसला. ठणक फारशी नव्हती. पण घामाच्या धारा लागल्या, उलट्या सुरू झाल्या, हातपाय गारठले. आधी उतारा झाला, मग गाडीची शोधाशोध. पहाटे काका गेले. ‘हार्ट फेल झालं,’ असं घरात अजून सांगतात. वाचक विचारतात, डंख पायाला, मग हृदयाचं काय बिघडलं?

इंगळी ही विंचवाचीच मोठी जात, काळीकभिन्न, बघूनच धडकी भरते. पण तिच्या डंखानं माणूस सहसा जात नाही. जीव घेतो तो लहानखुरा तांबडा. त्याचं विष मज्जातंतूंमधली सोडियमची दारं मिटूच देत नाही. त्यामुळे अ‍ॅड्रिनलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन यांचा रक्तात लोंढा येतो. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून पाय गार. रक्तदाब चढतो, ठोके चुकतात, आणि हृदय थकलं की फुप्फुसात पाणी भरतं. नुसतीच ठणक असेल, घाम-उलटी नसेल, तर धोका बहुधा कमी. काकांना ठणक कमी होती म्हणून घरचे निर्धास्त राहिले असतील, याचं मला फार वाईट वाटतं.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाच्या रुग्णांपाशी रात्र रात्र बसून त्यांनी नोंदी ठेवल्या. १९८२ साली त्या ‘लॅन्सेट’मध्ये आल्या. मग त्यांनी प्राझोसिन वापरून पाहिलं. ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी. त्याआधी गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांतले तीसेक दगावत. गोळी आल्यावर ते प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आलं. प्रतिविषाची जोड दिली तर रुग्ण आणखी लवकर सावरतो, हेही त्यांनी पुढे दाखवलं. अशा कामाला २०२२ साली पद्मश्री मिळाली, याचा मला घरच्यासारखा आनंद झाला.

प्रांताप्रांतांतल्या मृत्युदराचा फरक बघताना मला म्हणूनच आधी बिरवाडी आठवते. विंचू तोच, हृदयही तसंच. फरक पडला तो गोळी ठाऊक असलेला डॉक्टर किती तासांवर आहे यानं. आणि मृत्यूच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात विंचूदंश बाह्य कारणांत मोडतो. त्यामुळे पुढच्या आठवड्यातल्या हृदयतालाच्या तक्त्यात नाट्याचे हे काका कुठेच सापडणार नाहीत.

पत्रात शेवटी एक ओळ आहे : काकी रात्रभर त्यांचे तळपाय चोळत होत्या. प्राझोसिन दिल्यावर डॉक्टरही तळपायालाच हात लावून बघतात. पाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी गोळी पुन्हा द्यायची असते.