शिक्षा आईला, मग मुलाला का?

आई बंगळूरच्या परप्पन अग्रहार कारागृहात असेल, तर लहान मूल तिच्याजवळ राहू शकते. पण सहाव्या वर्षापर्यंतच. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली देशभरासाठी हे ठरवताना बजावले, की असे मूल कैदी नव्हे; त्याच्या जन्मदाखल्यावर तुरुंगाचा उल्लेख नको.

पुढे काय? आजी, मामा पुढे आले तर ठीक, नाही तर बालगृह. शहरातील 'सोकेअर' संस्थेने कैद्यांच्या मुलांना आसरा आणि शिक्षण दिले.

अशा मुलाला 'आई परगावी गेलीय' असे सांगू नका. शाळेत इतरांच्या तोंडून कळले, तर घरच्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो. समजेल अशा शब्दांत खरे सांगा, भेटीला न्या, पत्र लिहू द्या.

आणि शेजारी म्हणून आपण? आपल्या मुलांना त्याच्याशी खेळू देऊ या.